माज

गाय माजावर येते, पावसाळ्यात रान माजते आणि माणूसही माजतो. पहिल्या दोन वाक्यांत निंदेचा लवलेश नाही. गाय माजावर आली, हे गोठ्यातले साधे निवेदन असते. पुढच्या वेताचा हिशेब त्यावर ठरतो. माणसाच्या वाट्याला येताच मात्र तोच शब्द निवाडा होतो. संस्कृतातील ‘मद्’ धातूशी नाते सांगणाऱ्या या शब्दाचे अर्थांतर मी वर्गात अनेकदा समजावून दिले आहे. त्या अर्थांतराचे परिणाम किती दूरवर जातात, याचा विचार मात्र आमच्या परसातील एका कोंबड्यामुळे करावा लागला.

आमचे घर चाकणजवळच्या खराबवाडीत आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत कारखान्यांची रांग चिंचवड, भोसरी करीत चाकणपर्यंत आली. अनेकांची शेते गेली. ज्यांच्याकडे घराभोवती जागा उरली, त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. आमच्याही परसात सहा खोल्या उभ्या राहिल्या. सासूबाईंचे खुराडे तेवढे जागच्या जागी राहिले. त्यात सात कोंबड्या आणि दोन कोंबडे होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांतला थोरला कोंबडा माणसांच्या अंगावर येऊ लागला. मानेची पिसे फुलवून, एक पंख जमिनीकडे झुकवून तो तिरका चालत येई आणि उडी घेऊन पायामागच्या काट्यांनी ओरबाडी. एके सकाळी परभणीकडच्या एका कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीला त्याने डोळ्याखाली जखम केली. डोळा थोडक्यात वाचला. तिची आई माझ्याकडे आली. “काकू, लेकरू नळावर यायलाच भ्यायलंय,” एवढेच ती म्हणाली. भाडेकरूला जे बोलता येत नाही, ते तिच्या पुढच्या गप्प राहण्यात होते. सासूबाईंनी निकाल दिला, “माजलाय मेला. आखाड लागू दे, मग बघते त्याच्याकडं.”

कोंबड्यांच्या कळपातील व्यवहार टोचण्यावर चालतो. थोरलीफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की, कोणी कोणाला टोचायचे याची कळपात ठरलेली उतरंड असते. ती स्थिर असली की भांडणे कमी होतात. डळमळली की वाढतात. वयात आलेला कोंबडा माणसालाही या उतरंडीत बसवून पाहतो. त्याला पाहून पळणारा त्याच्या लेखी खालच्या पायरीवरचा ठरतो आणि लाथ मारणारा प्रतिस्पर्धी. आमच्याकडे मुले पळत होती आणि रात्रपाळीहून परतणारे तरुण लाथा मारीत होते. दोन्ही उत्तरे कोंबड्याच्याच भाषेत दिली जात होती आणि दोन्हींमुळे तो अधिक पेटत होता.

हाच कोंबडा एरवी कळपाचा राखणदार असतो. आभाळात घार दिसली तर तो एक हाक देतो, जमिनीवरून मुंगूस आले तर वेगळी. पहिल्या हाकेला कोंबड्या आडोशाला दडतात, दुसरीला माना उंचावून पाहू लागतात. दाणा सापडला की तो त्यांना बोलावतो. अंगावर धावून येणे हा याच राखणीचा दुसरा चेहरा आहे.

मग मी परसाकडे पाहिले. पूर्वी कोंबड्या बांध ओलांडून शेतात पांगत. आता खोल्या आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम बारा फुटांची पट्टी उरली होती आणि नळाची वाट नेमकी तिच्यातून जात होती. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे सातांवर दोन कोंबडे होते आणि हरलेल्याला माघार घ्यायलाही जागा नव्हती.

आम्ही पट्टीच्या मधोमध जाळी लावली आणि नळाची वाट तिच्याबाहेर काढली. दाणे दोन ठिकाणी टाकू लागलो. काट्यांची टोके कानशीने बोथट केली. आत जाणाऱ्या मोठ्या माणसाने पळायचे नाही, मारायचे नाही. गुडघ्यांपुढे सूप धरून कोंबड्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि तो मान वळवून दाणे टिपू लागला की मगच हलायचे, असे ठरले. मुलांनी आत जायचे नाही. धाकटा कोंबडा आखाडात कापला गेला. परसातल्या कोंबडपालनात ते गृहीतच असते. थोरला महिन्याभरात बराच निवळला. निवळला नसता तर त्यालाही कापणेच योग्य ठरले असते. मुलाच्या डोळ्यापुढे कोंबड्याची कोणतीही कैफियत टिकत नाही.

तेव्हापासून ‘माज’ हा शब्द माझ्या कानाला अधिक टोचतो. गावच्या पारावर ऐकू येते, “बाहेरून आलेले हे लोक माजलेत.” खोल्यांमध्ये ऐकू येते, “जमिनीचा पैसा आला आणि घरमालक माजले.” दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. त्यांत कर्ता आहे, त्याचा दोष आहे. पण बारा फुटांची पट्टी नाही, एकच नळ नाही, गेलेले शेत नाही, बारा तासांची पाळी नाही. हा शब्द उच्चारला की जागेची मोजणी करण्याची गरजच उरत नाही. गोठ्यातल्या माजाला मात्र काळ असतो, कारण असते आणि उपायही असतो. आपल्या पूर्वजांनी या शब्दाचा तोही अर्थ जपून ठेवला आहे. माणसांविषयी बोलताना तो वापरायला काहीच हरकत नसावी.

सासूबाई अजूनही त्या कोंबड्याला माजलेलाच म्हणतात. मुलगी मात्र आता एकटी नळावर जाते.