मक्त्यातलं नाव

नववीला गझल शिकवायला घेतली की मतला, काफिया, रदीफ इथपर्यंत अर्धा वर्ग जांभया देत असतो. मक्त्याला मात्र सगळे जागे होतात. शेवटच्या शेरात शायर स्वतःचं तखल्लुस, म्हणजे कवितेपुरतं घेतलेलं नाव, गुंफतो ही गोष्ट मुलांना फार आवडते. लगेच आपापली तखल्लुसं ठरतात. पहिल्या बाकावरचा 'शाहीन' होतो, शेवटच्या बाकावरचा 'तूफान'.

मग मराठीच्या तासाला तुकोबांचा अभंग आला की हात वर होतो, "सर, 'तुका म्हणे' हा पण मक्ताच ना?" हो बाबा, तसंच काहीसं. मराठीत त्याला नाममुद्रा म्हणतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद अभंगात आपलं नाव घालतात, सगनभाऊ लावणीत घालतो. जेव्हा छापखाना नव्हता आणि कॉपीराइट हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तेव्हा कवितेचा सातबारा कवितेच्याच पोटात लिहून ठेवायची ही रीत.

आणि सातबारा आला की त्यात खाडाखोड करणाराही आलाच. तुकोबांच्या काळात तो सालोमालो नावाने हजर होता. तुकोबांच्या अभंगातलं 'तुका' खोडून तिथे स्वतःचं नाव घालून म्हणायचा, अशी त्याची ख्याती. तुकोबांनी अभंगातच त्याची हजेरी घेतली आहे. हे सांगितलं की कुणीतरी हुशार मूल विचारतंच, "सर, तुका दोन अक्षरं आणि सालोमालो चार. मग बसवलं कसं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

यंदा मात्र एका मुलीने वेगळाच प्रश्न टाकला. "सर, चोराने नाव खोडलंच नाही, तसंच ठेवलं तर?"

मी हसलो, कारण नेमकी तीच गोष्ट मला ठाऊक होती. तुकोबांच्या देहूपासून फार लांब, १९७९ साली अमेरिकेत घडलेली. त्या दिवशी तास संपला आणि सांगायची राहिली, म्हणून इथे लिहितो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तिथेच पोरं बेफाम नाचतात. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावून तेवढाच तुकडा लांबवत नेऊ लागला. त्या लांबलेल्या ठेक्यावर कुणीतरी माईक धरून यमकं जुळवत बोलायचं. रॅपचा उगम थोडक्यात असा सांगतात. सहा वर्षं हे सगळं गल्लीतच राहिलं. कॅसेटा हातोहात फिरत, पण याची रेकॉर्ड काढावी असं फार कुणाच्या मनात आलं नाही. मुशायऱ्याची रेकॉर्ड काढून पैसे मिळतील असं आपल्याकडे तरी किती जणांना वाटतं?

सिल्व्हिया रॉबिन्सनला वाटलं. ही बाई स्वतः जुनी गायिका. न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावात नवरा जो याच्यासोबत तिची रेकॉर्ड कंपनी होती आणि ती पार डबघाईला आलेली. १९७९ च्या उन्हाळ्यात 'हार्लेम वर्ल्ड' नावाच्या क्लबात तिने पोरांना ठेक्यावर बोलताना आणि गर्दीला त्यांना उत्तर देताना ऐकलं. हे विकलं जाईल, हे तिने तिथल्या तिथे ओळखलं. शुगर हिल हे हार्लेममधल्या एका वस्तीचं नाव. तेच तिने नव्या कंपनीला दिलं.

आता रॅप करणारा हवा होता. तिच्या मुलाला एंगलवूडच्या एका पिझ्झाच्या दुकानात हेन्री जॅक्सन नावाचा धिप्पाड गडी सापडला. कणीक मळता मळता टेपवर रॅप लावून त्याच्यासोबत म्हणायचा. दुकानाबाहेर मोटारीत बसूनच त्याची परीक्षा झाली. तिथेच गाय ओब्रायन आणि मायकेल राइट हे आणखी दोघे येऊन मिळाले. सिल्व्हियाने तिघांनाही घेतलं. बिग बँक हँक, मास्टर जी आणि वंडर माइक, मिळून शुगरहिल गँग. ब्रॉन्क्सच्या मैफिलींत या गँगचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कसं, ती काल-परवा मोटारीत जन्मलेली!

हँक जी टेप लावायचा, ती कॅझची. ग्रँडमास्टर कॅझ हा ब्रॉन्क्समधला नावाजलेला रॅपर, आणि हँक त्याचं व्यवस्थापन बघायचा. रेकॉर्डचं ठरल्यावर हँक कॅझकडे गेला आणि त्याने त्याची यमकांची वही मागितली. कॅझने दिली. उर्दूत शायराच्या अशा वहीला बयाज म्हणतात. जुने शायर बयाज कुणाच्या हाती लागू देत नसत, उशाखाली ठेवत. पण कॅझ विशीच्या आतबाहेरचा पोरगा, समोर आपलाच माणूस. याचं काही झालं तर तो आपल्यालाही विचारेल, एवढा हिशेब त्याने केला असावा.

ठेका घेतला तो शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा. ते गाणं त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, पोरासोरांच्या तोंडी. पण एक अडचण होती. पार्टीत तबकड्या फिरवून तुकडा लांबवता येतो, स्टुडिओत तो सलग आणि स्वच्छ कसा मिळवायचा? सिल्व्हियाने वादक बसवले आणि तेच सूर हाताने वाजवून घेतले. बेस गिटारवर सतरा वर्षांचा चिप शिअरिन होता. त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं की पंधरा मिनिटं न चुकता एकच चाल वाजव, असं त्याला सांगितलं होतं आणि त्याचे सत्तर डॉलर मिळाले. आमच्या मालेगावात लूमवर पाळी केलेल्या माणसाला यातलं अवघड काय ते वेगळं सांगायला नको. डीजेच्या हातातून जन्मलेल्या कलेची ही पहिली गाजलेली रेकॉर्ड, आणि तिच्यात डीजेच नाही.

'रॅपर्स डिलाइट' सप्टेंबर १९७९ मध्ये बाजारात आलं. बारा इंची तबकडीवर साडेचौदा मिनिटांचं गाणं. रेडिओवाल्यांना तीन-चार मिनिटांची सवय, तरी लोकांनी फोन करकरून ते लावायला भाग पाडलं. गाण्यात गोष्ट अशी काही नाही. बढाया आहेत, नाचायचं आमंत्रण आहे, आणि मित्राच्या घरी जेवण वाईट निघाल्यावर काय होतं याचा एक धमाल प्रसंग आहे, जो ऐकून मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. ब्रिटनमध्ये गाणं तिसऱ्या क्रमांकाला गेलं, कॅनडात पहिल्या. अमेरिकेत काळ्या संगीताच्या यादीत चौथं आणि सर्वसाधारण यादीत जानेवारी १९८० मध्ये छत्तिसावं. छत्तीस हा आकडा लहान वाटेल, पण त्या यादीच्या पहिल्या चाळीसांत शिरलेलं हे पहिलं रॅप. जगातल्या बहुतेक लोकांनी रॅप ही चीज पहिल्यांदा ऐकली ती याच गाण्यात.

आणि त्या गाण्यात हँक आपला परिचय करून देताना काय म्हणतो? एकेक अक्षर सुटं करून एक नाव सांगतो. ते नाव 'कॅसानोव्हा फ्लाय' असं निघतं. हँकला या नावाने कधी कुणी हाक मारली नव्हती. हे तखल्लुस होतं कॅझचं. वहीत जसं होतं तसं हँकने म्हणून टाकलं. सालोमालोने निदान खोडण्याचे कष्ट तरी घेतले होते. गाणं जगभर वाजलं, लाखो लोकांनी कॅझचं नाव अक्षरं लावून पाठ केलं, आणि ते हँकचं समजले. तबकडीच्या चिकटपट्टीवर कॅझ नव्हता, मानधनाच्या कागदावरही नव्हता.

मला खरा विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. शीकच्या नाइल रॉजर्सने हे गाणं न्यूयॉर्कच्या एका क्लबात ऐकलं, आपली चाल ओळखली आणि कोर्टाची धमकी दिली. तडजोड झाली. रॉजर्स आणि त्याचा जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गीतकार म्हणून लागली, पैसा सुरू झाला. उर्दू शायरीत वजन, काफिया आणि रदीफ यांच्या साच्याला 'जमीन' म्हणतात. गालिबच्या जमिनीत गझल लिहायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. ती गावची गायरान आहे, तिथे कुणीही गुरं चारावीत. चोरी म्हणजे सरका, तो होतो शब्दांचा आणि खयालाचा. नकळत जुळून आलं तर त्याला तवारुद म्हणतात, ते माफ. अमेरिकेत नेमकं उलट झालं. तिथे जमिनीचा सातबारा आधीच तयार होता. 'गुड टाइम्स'ची नोंद होती, प्रकाशक होता, वकील होता. शब्द कुठे होते, तर एका वहीत आणि ब्रॉन्क्सच्या रात्रींत. जमीनदाराला हिस्सा मिळाला आणि पीक ज्याने काढलं तो कोरडाच राहिला. कॅझकडे त्याच्या नावाचा एकच पुरावा होता, आणि तो दुसऱ्याच्या तोंडात होता.

हँक २०१४ मध्ये वारला, सिल्व्हिया त्याआधी २०११ मध्ये. गाणं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं आहे. कॅझ न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉपच्या जुन्या जागा दाखवणाऱ्या सहलींचा वाटाड्या झाला.

हे सगळं मी एवढ्या चवीने सांगतो आहे, पण मला ते सांगायचा कितपत अधिकार आहे याचाही हिशेब द्यायला हवा.

२०१६ ची गोष्ट. कुर्ल्याच्या नेझीने, म्हणजे नावेद शेखने, आयपॅडवर रेकॉर्ड करून 'आफत' काढलं त्याला दोन वर्षं झाली होती. डिव्हाइनसोबतचं त्याचं 'मेरे गली में' वर्षभरापूर्वी आलेलं, आणि आमच्या शाळेतल्या प्रत्येक मोठ्या भावाच्या मोबाइलमध्ये ते होतं. स्नेहसंमेलन जवळ आलेलं. नववीतल्या एका मुलाने मला चार पानं आणून दाखवली. बाप रात्रपाळीला लूमवर, लूमची खटखट हाच ठेका, सूत तुटतं तसा बापाचा श्वास तुटतो, असं काहीतरी. मी चकित झालो. नववीतलं मूल इतकं नेमकं लिहीत नाही. वाद्यांवरून काही पालक हरकत घेतात, म्हणून बाकावर हाताने ठेका धरायचा असं ठरलं. लूमला तेच शोभतंही.

पण मुलगा बोलताना अडखळायचा. त्याच्याच वर्गात एक दुसरा होता, देखणा, खणखणीत आवाजाचा, प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस आणणारा. मी म्हणालो, "तू लिहिलंस ना बेटा, आता हा म्हणेल. शाळेचं नाव होईल." शेवटच्या ओळींत त्याने स्वतःचं नाव घातलं होतं. मक्ता मीच शिकवलेला! ते नाव मी लाल पेनने काढलं. म्हणणारा दुसरा असताना ते विचित्र वाटलं असतं. पण मुलाला कारण सांगितलं ते निराळंच. म्हटलं, "नाव ठेक्यात बसत नाहीये."

कार्यक्रम गाजला. निवेदन माझं होतं आणि मी म्हणणाऱ्याचं नाव दोनदा घेतलं. ट्रॉफी त्याला मिळाली. लिहिणारा बाकावर ठेका धरणाऱ्यांत तिसरा बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त वही परत मागितली.

२०१९ मध्ये 'गली बॉय' पाहिला. त्यात धारावीचा मुराद आपल्या ओळी घेऊन एमसी शेरकडे जातो, तू म्हण म्हणतो. शेर नकार देतो. तुझं दुखणं मी का सांगू, तूच सांग, असा त्याचा सूर. थिएटरात पोरं शिट्ट्या मारत होती. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. नाट्यगृहातल्या निवेदकाने जे करायला हवं होतं ते सिनेमातल्या पोराने केलं.

त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यावर आठवडाभर हे डोक्यात फिरत राहिलं. शेवटी एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, नमाजनंतर मी त्याच्या दुकानावर गेलो. तो आता मोबाइल दुरुस्त करतो. चहा मागवला. मी एकदम विषय काढला, माझं चुकलं म्हणालो. तो हसून म्हणाला, "जाने दो ना सर, बच्चे थे." तेव्हा मी मूल नव्हतो, चांगला बीएड झालेला शिक्षक होतो, हे त्याने मोठ्या मनाने वगळलं.

"आठवतं का अजून?" मी विचारलं.

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर काचेच्या काउंटरवर आपटत ठेका धरला आणि खालच्या आवाजात सगळं म्हणून दाखवलं, एकदाही न अडखळता. शेवटी नाव आलं. मी काउंटरखाली बोटांवर मात्रा मोजत होतो. चोख बसत होतं.

तेवढ्यात एक बाई फुटका फोन घेऊन आल्या आणि तो त्यांना नव्या स्क्रीनचा भाव सांगू लागला.