वर्गातलं ते हसू वर्गातच थांबव

चि. चिऊस,


मुख्याध्यापिका झालीस, पेढे पोहोचले. ऊर भरून आला. फोनवर तू सहज म्हणालीस की यंदा मणिपूर-मिझोरामकडची बरीच मुलं शाळेत आली आहेत आणि ‘सगळी छान मिसळून गेलीत’. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मिसळून गेलीत की गप्प राहायला शिकलीत, हे एकदा नीट बघ. ईशान्येकडची माणसं पुण्यात वर्षानुवर्षं शिकताहेत, हॉटेलांत, पार्लरांत, दवाखान्यांत, आयटी कंपन्यांत राबताहेत. तरी रस्त्यानं जाताना मागून ‘चिंकी’ ऐकू येतंच. 2020 साली त्यांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. ऑगस्ट 2012 मध्ये अफवा आणि हल्ल्यांच्या धास्तीनं पुण्याहून, बंगळूरहून हजारो जण मिळेल त्या गाडीनं घराकडे निघाले होते. आणि जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून टवाळी झाली, त्यानं राग दाखवला, त्याला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात टवाळीनं झाली होती, चिऊ.

त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं त्याच वर्षी अहवाल दिला. वांशिक अपमानासाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलम करा आणि अभ्यासक्रमात ईशान्य भारत आणा, अशा दोन्ही शिफारशी त्यात होत्या. ते कलम नव्या न्याय संहितेतही आलं नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा आदिवासी मुलांच्या कामी येऊ शकतो, पण मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातींत नाहीत, म्हणजे त्यांतल्या बहुतेकांना तोही आधार नाही. संविधानाच्या पंधराव्या कलमात धर्माच्या पाठोपाठ ‘वंश’ हा शब्द आहे, आणि आपण मात्र वंशभेद म्हटलं की अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेचे धडे शिकवतो. कायदा व्हायचा तेव्हा होईल. शाळेचा नियम तू उद्या लिहू शकतेस.

सुरुवात हजेरीपासून कर. मी आयुष्यभर वर्गावर राहिले, हे दृश्य शेजारच्या वर्गांत कितीदा पाहिलंय. जोशी, काळे, पवार भराभर होतात, मग बाई अडखळतात, चष्मा सारखा करतात आणि म्हणतात, ‘तुझं नाव तूच सांग बाई, आमची जीभ वळत नाही.’ वर्ग खो-खो हसतो. ती मुलगी पण हसते, मान खाली घालून. त्या दिवसापासून तिला काहीही म्हणायची वर्गाला मुभा मिळते. ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ सहज म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ‘लैश्राम’सारखं मणिपुरी नाव अवघड जातं, हे मी मानत नाही. प्रवेशाचा फॉर्मही बदलून घे. मैतेईंमध्ये घराण्याचं नाव आधी येतं, अनेक मिझो लोक आडनावच लावत नाहीत. आपल्या ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ या चौकटींत कोंबल्यामुळे दाखल्यांवर चुकीची नावं पडतात आणि पुढे पासपोर्टापर्यंत ती निस्तरावी लागतात.

मे 2023 मध्ये मणिपुरात कुकी आणि मैतेई समाजांत हिंसाचार पेटला; त्यानंतर तिथून आलेल्या मुलांत कुकीही असतील, मैतेईही. कदाचित एकाच बाकावर. ‘तू कुठल्या बाजूचा?’ हे शिक्षकांनीसुद्धा विचारायचं नाही, एवढं बजाव.

इतिहासाच्या बाईंना सांग, सांगशाकची लढाई शिकवा. मार्च 1944 मध्ये उखरूलजवळच्या त्या डोंगरावर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपानी फौजेशी लढली. आपल्याकडची पोरं तिथं, तांगखुल नागांच्या मुलखात, पडली. सोळाव्या वर्षी इंग्रजांनी तुरुंगात टाकलेली नागा नेत्या राणी गाइदिन्ल्यू स्वातंत्र्याच्या सुमारासच सुटली, हेही पोरांना माहीत हवं. स्नेहसंमेलनात एका मुलीला नागा पोशाख घालून ‘विविधतेत एकता’च्या रांगेत उभी केली की झालं, असं करू नकोस. तिला नाटकात जिजाबाई करायची असेल, तर ती होऊ दे.

जावईबापू मनुष्यबळ विभागात आहेत, त्यांनाही हे पत्र वाचायला दे. स्वागतकक्षात, ग्राहकांसमोर हसतमुख चेहरा म्हणून ही मुलं चालतात. बढतीच्या यादीत त्यांची नावं किती आहेत, हे त्यांनी काढून बघावं. आणि डब्यातल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वासावरून तक्रार आली, तर बोंबलाला जो नियम लावतात तोच तिथंही लावावा.

‘मुलं मस्करी करतात, त्यांच्या मनात काही नसतं,’ असं कुणी ना कुणी शिक्षक तुला म्हणतीलच. ऐकू नकोस. ज्याची मस्करी होते त्याला विचार. पहिल्याच शिक्षकसभेत हा विषय घे, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाच्या आधी घे.

तुझी,
मावशी