चिमणाळं आणि नावाची माळ

१८ नोव्हेंबर
बारसं ८ डिसेंबरला ठरलं, सांगलीला, वहिनीच्या माहेरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. सजावटही मी मागून घेतली. पाळण्यावर चिमणाळं आणि मागच्या भिंतीवर नावाची माळ, दोन्ही फेल्टची आणि हाताने शिवलेली.

संध्याकाळी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन आले. फेल्ट तिथे दोन तऱ्हांचं मिळतं. मऊ फेल्ट वळतं, त्यात कापूस भरता येतो, म्हणून ते पक्ष्यांसाठी घेतलं. कडक फेल्ट आपला आकार धरून उभं राहतं, ते अक्षरांसाठी. हिरवा, हळदी, कुंकवासारखा लाल, काळा आणि पांढरा असे रंग निवडले.

दुकानातलं बहुतेक फेल्ट पॉलिएस्टरचं असतं. ते टाकून दिलं तर कुजत नाही. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली. त्याच्या जागी दुसरा न कुजणारा कचरा एका दिवसापुरता आणायचा, हे मला पटत नाही. त्यामुळे एक नियम ठरवून टाकला: या सजावटीवर साल येणार नाही आणि एकाच प्रसंगाला चिकटेल असं काही येणार नाही. घरात जितकी कार्यं होतील, तितक्यांना ती चालली पाहिजे.

२० नोव्हेंबर
आज पोपट, चिमण्या आणि एक मोर कापले. सुती कापडाचा पक्षी करताना दुमड ठेवावी लागते, शिवून उलटवावा लागतो आणि चोचीच्या टोकाशी कापडाची गाठ होऊन बसते. फेल्टला ताणाबाणाच नाही. त्यात तंतू आडवेतिडवे गुंतलेले असतात, म्हणून कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. उभं कापा, तिरकं कापा, फरक पडत नाही. जशी चोच कापावी तशीच ती राहते.

पेनची खूण फेल्टवरून निघत नाही. म्हणून चित्र बटर पेपरवर काढायचं, तो कागद सेलोटेपने फेल्टवर चिकटवायचा आणि टेपसकट कापायचं. वळणावर कात्री स्थिर ठेवून फेल्ट फिरवलं की कड गुळगुळीत येते. पंखांच्या जोड्या एकमेकांवर ठेवून पाहिल्या, नीट जुळल्या. तुकडे रंगांप्रमाणे पाकिटांत भरून ठेवले.

२३ नोव्हेंबर
आई दुपारभर सोबत शिवायला बसली. कडेने काजा टाका घालायचा, सहापदरी रेशमातले दोनच पदर घेऊन. आईचे टाके मोजपट्टी लावल्यासारखे पडतात. तिने चोचीच्या टोकाची युक्ती दाखवली: एकाच भोकातून तीन टाके काढायचे, एक अलीकडे, एक बरोबर टोकावर, एक पलीकडे. मग टोक उघडं पडत नाही.

फायबरचा कापूस चिमूट चिमूट भरायचा. आधी चोच, मग शेपूट आणि पोट शेवटी. एकदम बोळा कोंबला की पक्षी गाठाळ होतो. विणकामाच्या सुईची बोथट बाजू याला उत्तम.

आईच्या लहानपणीचं चिमणाळं शिंप्याकडच्या चिंध्यांचं होतं. त्यात खरा कापूस होता आणि डोळ्यांना काचेचे मणी. मणी तेवढे मी घेणार नाही. तान्ह्या बाळाच्या आसपास सुटून पडेल असं काहीच नको. डोळे काळ्या रेशमाने गाठीच्या टाक्याचे केले. गोंद कुठेही वापरला नाही. सगळं शिवूनच जोडलं.

२५ नोव्हेंबर
आज पाळण्याची उंची धरून जमिनीवर उताणी पडले आणि पंख्याच्या हुकाला बांधलेल्या पक्ष्यांकडे पाहिलं. बाजारातलं चिमणाळं शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला छान दिसतं. खालून बघणाऱ्याला मात्र पक्ष्याची बारीक कड तेवढी दिसते. ज्याच्यासाठी सजवायचं, त्यालाच सजावट दिसू नये हे बरोबर नाही. म्हणून आमचे पक्षी आडवे टांगायचे ठरलं, पोट खाली आणि दोन्ही पंख पसरलेले. दोरा पाठीच्या मध्यावर.

महिन्याच्या बाळाला जेमतेम वीतभर ते फूटभर अंतरावरचं स्पष्ट दिसतं. फिकट गुलाबी-आकाशी रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक त्याच्या लवकर नजरेत भरतो. म्हणून सगळ्या पोटांवर काळ्या फेल्टवर पांढरे पट्टे आणि ठिपके शिवले. पाठी मात्र हिरव्या, लाल, हळदी. वरून बघणाऱ्यांसाठी वरचे रंग, बाळासाठी खालचे.

२८ नोव्हेंबर
पक्ष्यांच्या मधे लोंबवायला गोळे हवेत. ते खऱ्या लोकरीचे करायचे होते. शेजारची चौथीतली मुलगी मदतीला आली. पिंजलेल्या लोकरीचा सैल बोळा गरम पाण्यात भिजवायचा, साबण लावायचा आणि तळहातांत हलक्या हाताने फिरवत राहायचं. आधी काहीच घडत नाही, बोळा ओल्या केसांसारखा ओघळत राहतो. मग अचानक आवळायला लागतो. तिच्या हातातला गोळा घट्ट झाला तेव्हा ती ओरडलीच.

असं का होतं ते तिला सांगितलं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम साबणपाण्यात तंतू सैल आणि निसरडे होतात, चोळल्यावर एकमेकांत सरकतात, आणि खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटतो, तोही याच कारणाने. काश्मीर, राजस्थानातलं टोंक आणि कच्छ इथला नमदा, म्हणजे लोकरीचा गालिचा, असाच होतो, मागाशिवाय. आपल्याकडचा जुना बुरणूसही विणलेला नसे, लोकर दाबून केलेला असे.

मग तिला पाझिरिकचे हंस दाखवले. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरात, पाझिरिक इथे, १९४९ साली पुरातत्त्वज्ञ रुदेन्को यांनी एक दफनस्थळ उकरलं. गोठलेल्या मातीमुळे तिथे फेल्टचे, आत केस भरलेले हंस शाबूत राहिले होते. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी फेल्ट कापून, शिवून, भरून पक्षी केले, ते आपल्या माणसाच्या शेवटच्या जागी ठेवले. आमचे पक्षी एका मुलीच्या पहिल्या समारंभाला. काम मात्र तेच. हे कळल्यापासून या कामाला ‘टाइमपास’ म्हटलेलं मला चालत नाही.

१ डिसेंबर
अक्षरं. नाव गुपित असल्यामुळे दार लावून कापली. इथे लिहिते ते ‘स्वागत’ आणि एकूणच अक्षरांबद्दल. ‘स्वागत’चीही माळ केली आहे.

देवनागरी टांगण्यासाठीच घडल्यासारखी आहे. शिरोरेघेला मागून फेल्टची नळी शिवली, त्यातून दोरी ओवली, की अक्षर आपोआप ओळीत लटकतं. रोमन अक्षरांना भोकं पाडून ओळीत आणावं लागतं, तशी गरज नाही. पण प्रत्येक अक्षराची वेगळी अडचण आहे. ‘ग’चं गाठोडं आणि काना केवळ शिरोरेघेने जोडलेली असतात, तिथे रेघ लवते, म्हणून तिला दोन थर दिले. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘द’ बारीक मानेवर लोंबतात आणि फिरतात, त्यांची मान जरा रुंद कापायची. ‘ध’ आणि ‘भ’ची शिरोरेघ मधे तुटलेली, तिथे नळी अखंड ठेवायची. अनुस्वाराला कशाचाच आधार नाही, त्याला मागून भिंतीच्या रंगाची पट्टी लावली की तो अधांतरी दिसतो.

प्रत्येक अक्षर सुटं ठेवलं आहे. पुढच्या बारशाला लागतील तेवढीच नवी कापायची.

५ डिसेंबर
भरतकामाच्या लाकडी रिंगवर पक्षी बांधले. तोल साधायला वेळ लागला. मोर जड, म्हणून त्याच्यासमोर दोन चिमण्या आणि एक गोळा. सगळे दोरे आखूड ठेवले आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली. माळा वहीत दाबून ठेवल्या, चिमणाळं टोपलीत. सांगलीच्या एसटीत हे मांडीवर राहील.

८ डिसेंबर, सांगली
सकाळी आधी भिंत बघितली. औक्षणाचा पाट जिथे होता, त्याच्यापासून लांब माळ बांधली. पॉलिएस्टर ज्योतीला वितळून टपकतं, निरांजन आणि समईच्या जवळ ते नकोच.

वरवंट्याला झबलं-टोपडं घालून झालं, पाळणे म्हणून झाले. कानात नाव सांगितलं आणि मग माळेवरचा पडदा बाजूला केला. भिंतीवरचं नाव सगळ्यांनी एकदम मोठ्याने वाचलं. वहिनीच्या आजेसासूबाईंना, म्हणजे माझ्या आजीला, नीट ऐकू येत नाही. तिने नाव वाचलं आणि ते स्वतः उच्चारून पाहिलं. घुगऱ्या वाटेपर्यंत ती ते म्हणत होती. बाळ जागं होतं. त्याची नजर काळ्या-पांढऱ्या पोटांवर ठरली होती, हे वहिनीने मला बोलावून दाखवलं.

१० डिसेंबर
चिमणाळं सांगलीतच ठेवलं. बाळ हाताने ओढू लागलं किंवा उठून बसू लागलं की ते उतरवायचं, हे वहिनीला सांगून आले.

‘स्वागत’ची माळ परत आणली. शेजारच्या ताईंनी डोहाळजेवणासाठी मागितली आहे, आज संध्याकाळी देते. सोबत सुईदोरा आणि लाल फेल्टचा एक तुकडाही देणार आहे. वापरात टाका सुटणारच, तो ज्याच्या घरी सुटेल त्याने घालायचा. लोकरीचे उरलेले गोळे कडुनिंबाचा सुका पाला घालून डब्यात ठेवले, कसर लागू नये म्हणून. फेल्टवर इस्त्री फिरवायची नाही, फार तर थंड पाण्यात हलकं धुवायचं, असं एका चिठ्ठीवर लिहून माळेच्या पिशवीत घातलं. ही माळ दहा घरं फिरून झिजली तरच तिच्यात गेलेलं पॉलिएस्टर आणि आईची दुपार, दोन्ही सार्थकी लागतील.