हवेचा हिशोब

मिस्त्रींचे पैसे मी चुकते केलेले आहेत. एका दिवसाची हजेरी आणि एसटीचं भाडं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. पाकिटात जास्तीची नोट निघाली, ती त्यांनी परत केली. "फुकटचा सल्ला कुणी ऐकत नाही सर, अन् जास्त घेतले तर मला खरं बोलता येणार नाही," असं त्यांचं म्हणणं. व्यवहार तिथे मिटला. जे मिटलं नाही, ते लिहून ठेवायला हवं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण बोलताना अजून नगरच तोंडात येतं. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला आणि आमच्याकडे पालक चौकशीला येऊ लागले. १० मीटरची रेंज शाळेच्या सभागृहात बसते. वर्गणी काढून रायफली आल्या. सगळं अडलं ते हवेपाशी.

स्पर्धेच्या रायफलीत नळीखाली एक छोटं सिलिंडर असतं. त्यात २०० बार दाबानं हवा भरायची. दर वेळी रेग्युलेटर त्यातली मोजकी हवा सोडतो आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं जातो. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. सिलिंडर फार उतरलं की छर्ऱ्याचा वेग पडतो, मग मुलाचा श्वास, पवित्रा सगळं चोख असून उपयोग नाही. मोटारीच्या टायरला दोन-सव्वादोन बार पुरतात, पंक्चरवाल्याच्या टाकीत आठ-दहा असतात. त्यामुळे गावात हवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. हातपंप होता. त्यानं २०० बार गाठता येतात, पण पंप मारून आलेल्या पोराचे दंड नंतर बराच वेळ थरथरतात, आणि थरथरत्या हातानं नेमबाजी होत नाही. मग रायफली भरायची मोठी टाकी भरून आणायला पुण्याला पाठवायची आणि ती परत येईपर्यंत सराव बंद.

कॉम्प्रेसर घ्यायचा ठरला तेव्हा पालकांत दोन तट पडले. एका तटाला गाडीच्या बॅटरीवर चालणारं छोटं मशीन हवं होतं, किंवा बादलीत पाण्याचा पंप सोडून थंड ठेवायचं असतं ते. दुसऱ्या तटाचं म्हणणं, घ्यायचंच तर मोठं, थ्री फेजवरचं, मिनिटाला ३०० लिटर हवा देणारं. मी दोन्हीकडची पत्रकं घेऊन फिरत होतो. एका पालकानं मिस्त्रींचं नाव सुचवलं.

मिस्त्री साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, त्यानंतर या जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. त्यांच्या धुराड्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण हंगामभर ती यंत्रं चालती ठेवणारी फिटरांची एक पिढीही याच कारखान्यांनी घडवली, आणि मिस्त्री त्यातले. त्यांचा जन्म कॉम्प्रेसर-हाऊसमध्ये गेला होता, तोही सात किलो, म्हणजे सातेक बार, दाबाच्या. २०० किलो त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

मी पत्रकं पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"हवा किती लागती?"

"टाकीला तीनशे बार," मी म्हणालो.

"ते प्रेशर झालं सर. हवा किती?"

जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी हिशोब मांडला. रायफलीचं सिलिंडर साधारण ०.२ लिटरचं. १०० बारवरून २०० वर न्यायचं तर २० लिटर हवा. आठ रायफली म्हणजे १६० लिटर. आठवड्यातून पाच दिवस सराव धरला तरी ८०० लिटर. "मिनिटाला शंभर लिटरचं मशीन आठवड्याला आठ-दहा मिनिटं चाललं की झालं. तीनशेचं काय करायचं? अन् थ्री फेज शाळेत हाये का?" नव्हतं. मोठ्या मशीनचा तट तिथेच निकाली निघाला.

मग टाकीचा हिशोब. ६.८ लिटरची टाकी ३०० बारपर्यंत भरली तर आत दोन हजार लिटरच्या आसपास हवा मावते. पण रायफल २०० पर्यंत भरायची, म्हणजे टाकी २०० वर उतरली की तिचं काम संपलं. वरचे १०० बारच आपले, खालची हवा नुसती मुद्दल. एवढे दिवस टाकी "अर्ध्याहून जास्त भरलेली असताना" का पुरत नाही, हे कोडं मला त्या पानावर सुटलं.

लहान मशीनबद्दल त्यांनी एकच विचारलं, टप्पे किती? दोन, मी पत्रकात पाहून सांगितलं. त्यांनी लिहिलं: ६ × ६ × ६ = २१६. खाली लिहिलं: १४ × १४ = १९६. "तीन टप्प्यांत दोनशे गाठायचे तर दर टप्प्याला हवा सहापट दाबायची. दोन टप्प्यांत चौदापट. तापणार ते. सील जळतील, तेल जळंल, अन् ते जळकं तेल हवेतनं पोरांच्या बंदुकीत जाईल." तीनशेला दोन्ही आकडे अजून वाढतात. मशीन वाईट नाही, ते पुढे म्हणाले. एकाच माणसाची एकच बंदूक असती तर मीच घ्या म्हणालो असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यातल्या दमट हवेत दर घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. टाकीभर हवा दाबली की ओला टॉवेल पिळावा तसं ते सगळं बाहेर येतं, चाळीसेक ग्रॅम. ते वेळेवर काढलं नाही तर टाकीला आतून गंज आणि रेग्युलेटरचं वाटोळं. म्हणून पाणी गाळणारा सेपरेटर, त्यापुढे ओलावा शोषणारे दाणे आणि कोळशाचा फिल्टर. ही सोय पाणबुड्यांच्या टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरात मुळातच असते, कारण ती हवा माणूस श्वासात घेतो. शेवटी आम्ही तसंच घेतलं: तीन टप्प्यांचं, सिंगल फेजवरचं, मिनिटाला १०० लिटरचं.

त्या दिवशी मिस्त्रींचा आवाज एकदाच चढला. कुणीतरी सहज म्हणालं, वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची नळकांडी आहेत, त्यात दीडशे बार असतातच, मशीन येईपर्यंत त्यातून भरू. मिस्त्री उभेच राहिले. "ऑक्सिजन अन् ग्रीस एकत्र आलं की आग लागायला ठिणगी लागत नाही. बंदुकीला ग्रीस असतं का नाही? पोराच्या गालाशी असती ना ती?" सभागृह गप्प झालं. मशीन परवडलं नसतं तरी चाललं असतं, पण मिस्त्री त्या दिवशी ते बोलले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

मशीन आल्यावर ते पुन्हा आले आणि त्यांनी मला शिकवलंच नाही, मुलांना शिकवलं. दर काही मिनिटांनी पाण्याची चावी उघडायची. टाकी सावकाश भरायची. घाईनं भरलेली टाकी गरम होते आणि गार झाली की काटा खाली येतो. नळी काढण्याआधी तिच्यातला दाब सोडायचा. किती वेळ चाललं ते वहीत लिहायचं. टाकीवर कोरलेली तारीख वाचायची, तपासणीची मुदत उलटली असेल तर हात लावायचा नाही. रायफलीच्या सिलिंडरलाही आंतरराष्ट्रीय नियमात दहा वर्षांचीच मुदत आहे, हे मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "मग तुमचा खेळ शहाण्या लोकांनी काढलेला हाये."

नेमबाजीची एकही स्पर्धा त्यांनी पाहिलेली नाही. आता मुलाकडे चिंचवडला असतात. मुलांची पदकं कळवतो तेव्हा "बरं झालं" म्हणतात आणि विचारतात, तेल कधी बदललं.

बाजारात काय मिळतं हे मला कुणीही सांगितलं असतं. आपल्याला काय लागतं, हे आधी मोजायला त्यांनी लावलं. आता दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षक फोन करतात, कुठल्या कंपनीचा घेऊ म्हणून. मी त्यांना विचारतो: हवा किती लागते, पाणी कोण काढणार, आणि बंद पडलं तर हात कोण लावणार? शेवटच्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात. मग सांगतो, मशीन नंतर बघा. तुमच्या तालुक्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर आधी शोधा, आणि तो नको म्हणाला तर ऐका.