एका कानाचा रेडिओ

मे महिन्यात अमरावतीत दुपारी कुलर बंद ठेवून बसवत नाही आणि कुलर सुरू असला की गाणं धड ऐकू येत नाही. पंख्याचा घोंघाट, ताट्यांवरून ठिबकणारं पाणी, मोटारीची घरघर. आमच्या घरी उन्हाळ्यातलं प्रत्येक गाणं या सगळ्याच्या वर आवाज चढवूनच ऐकलं गेलं. म्हणून यंदा घेतलेला कानात बसणारा नवा इअरफोन मी मुद्दाम कुलरसमोर बसूनच लावून पाहिला.

डबीत रबरी टोप्यांचे तीन जोड निघाले: लहान, मधला, मोठा. मधला लावला, तर तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येत होती, पण डग्ग्याचा घुमारा कुठेच नाही. वस्तूच खराब निघाली असं वाटलं. मग डाव्या बाजूला मोठी टोपी चढवली, कानाची पाळी वर ओढून ती आत सरकवली आणि डग्गा एकदम छातीत वाजला. कानाच्या भोकात बारीकशी फट राहिली तरी आधी खर्ज निसटून जातो. माझा डावा कान उजव्याहून मोठा आहे, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुम्ही घ्याल तेव्हा दोन्ही कानांना वेगवेगळं माप लावून पाहा.

ठिबकणारं पाणी ऐकू येईनासं झालं, पंख्याचा घोंघाट विरला. मोटारीची घरघर तेवढी शेजारच्या घरातून यावी तशी उरली. रबर बारीक, चढे आवाज चांगले अडवतं, जाड आवाज तितके नाही. बाहेरचं एवढं थांबलं की गाण्याचा आवाज फार वाढवावा लागत नाही, आणि कानांच्या दृष्टीनं हे मोठंच काम आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते.

लावली होती सुरेश भटांची रात्रीवरची एक रचना. भट आमच्या अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२ चा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशाताईंचा. ओळ उचलण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला, तोही इतक्या जवळून की मी गाणं थांबवून तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आमच्याकडे हे गाणं कॅसेटवर होतं. सेल उतरले की टेप रेंगाळे आणि आवाज जड होई. आई सेल काढून अंगणात उन्हात ठेवायची. तेवढ्यावर आणखी दोन-चार गाणी निघत. त्या उतरत्या सेलांवर इतकं ऐकलं की माझ्या मनात हे गाणं खालच्या सुरातच बसलं होतं. मूळ सूर कोणता, ते आत्ता कळलं.

तरी कानात असं काही घातलं की मला आधी अकोल्याची गच्ची आठवते.

उन्हामुळे आमच्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, म्हणून जून संपत आला तरी आम्ही भावंडं अकोल्याला मामांकडेच असायचो. मामांच्या ट्रान्झिस्टरसोबत एक इअरफोन होता, दुधी रंगाचा, एकाच कानाचा. २५ जून १९८३ च्या रात्री आजोबांची झोपमोड नको म्हणून मामांनी तो कानात घातला आणि आम्ही पाच जण त्यांच्या भोवती सतरंजीवर बसलो. क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत १८३ वर आटोपलेला. समोर वेस्ट इंडिज. रिचर्ड्स झोडपत होता, ते मामांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. काही झालं की ते हळूच सांगायचे, "चौका." आम्ही गप्प.

मग मदनलालच्या चेंडूवर कपिलनं मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेतला, ३३ वर. मामा ताडकन उठले, "गेला! गेला बे!" वायर सॉकेटमधून निसटली, रेडिओ मोठ्यानं बोलायला लागला आणि आजोबा खडबडून जागे झाले. आजोबा रागावले नाहीत. "कोण गेलं?" विचारून तेही सतरंजीवर येऊन बसले. मामांनी वायर परत खोचलीच नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला १४० वर शेवटची विकेट पडली आणि ४३ धावांनी आपण जिंकलो, तोवर शेजारच्या दोन गच्च्याही जाग्या झाल्या होत्या.

यंदाच्या मेमध्येच मी अकोल्याला गेलो. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये एका लेनचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पूर्वी या रस्त्यानं जाताना बसच्या खिडक्यांच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणंही कळत नसे. आता मूर्तिजापूर येईपर्यंत मी सलग गाणी ऐकली.

मामा सत्तरीला आलेत, ऐकू कमी येतं. त्यांच्या दोन्ही कानांत लहान टोप्या बसल्या. तीच रचना लावली. डोळे मिटून त्यांनी ती पुरी ऐकली.

"लय साफ आहे बाप्पा," ते म्हणाले. "बाईचा श्वास आयकू येते." मग थोडं थांबून, "पण तुले काहीच आयकू नाई आलं ना?"

उजव्या कानातलं काढून त्यांनी बनियनला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. दुसऱ्यांदा ते गाणं आम्ही एकेका कानानं ऐकलं. वायर आखूड आहे, त्यामुळे खुर्ची अगदी त्यांच्या खुर्चीला लावावी लागली.