विरविरीत थर

दर दिवाळीआधी बाबा लक्ष्मीच्या चित्राला सोनेरी रंगाचा हात द्यायचे. म्हणजे चित्राला नव्हे, चौकटीला. चित्र रविवर्मा प्रेसच्या छापातलं. मळवलीच्या त्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत, एकावर एक रंग चढवत लक्ष्मी पुरी होई. तिच्या वाट्याला आमच्याकडे फक्त कोरडं फडकं. सोनेरी रंग म्हणजे मुळात पितळेची पूड, ती काळवंडतेच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली आणि चौकट चुलीवरच्या भांड्यासारखी दिसू लागली.

आई म्हणाली, "फ्रेम बदलून आण." मी म्हटलं, ग्लेझिंग करून बघते.

आधी शब्दापाशीच अडले, अनुवादकाची खोड. झिलई म्हणावं तर ती बरणीवरची चकाकी. लेप तर झाकूनच टाकतो. ग्लेझ म्हणजे इतका पातळ थर की खालचा रंग दिसत राहावा आणि तरी बदललेला दिसावा. पातळ पोताच्या लुगड्याला आजी नाक मुरडून 'विरविरीत' म्हणायची. तिची ती तक्रार होती. मला नेमकं तेच हवं होतं.

बर्न्ट अंबर हा तपकिरी तैलरंग जरासा, त्यात जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. ब्रशनं लावायचं, थोडं थांबायचं, जुन्या सुती कापडानं पुसायचं. उंचवट्यावरचा रंग निघतो, खाचेतला राहतो आणि बुजलेली नक्षी पुन्हा उठते. वरची पट्टी फार सुरेख झाली. वेलीची पानं मोजता येऊ लागली. मी खुशीत आले, आणि खुशीत असले की माझा हात सैल सुटतो.

खालच्या पट्टीवर टर्पेंटाइन जास्त झालं. कापडाला सोनं लागलं. बाबांनी ती पूड कशात कालवली होती कोण जाणे, पण सुटली. आधी शेलॅकचा एक हात द्यायला हवा होता, निदान मागच्या बाजूला थोडं करून बघायला हवं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पुसता पुसता बोटभर हिरवं दिसलं.

पोटात गोळा आला. बाबांच्या हातचं घरात आता फारसं उरलेलं नाही, आणि जे होतं ते मी पुसत बसले होते.

आई चष्मा लावून वाकली. "हिरवा," ती म्हणाली. "मी लावला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला." मग जरा वेळानं, "ह्यांना नाही आवडला."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

डाग बुजवता आला असता. पुडीची डबी अजून कपाटात आहे. मी उठणार तेवढ्यात आईनं विचारलं, "एवढाच राहिलाय, की सगळीकडे आहे खाली?" आणि माझ्या हातातलं फडकं मागून घेतलं.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या रात्री मी ती गॅलरीतल्या दोरीवर सुटी सुटी वाळत घातली. माझं एक तपकिरी होतं, आईची तीन सोनेरी.