तीन भोकांची गोष्ट

'अगं, हॉलमध्ये शो पीस म्हणूनच ठेवायचाय ना? मग मस्तपैकी गोल्डन ब्रोकेड लाव. एकदम रॉयल लुक!'

मैत्रिणीचा सल्ला मला शंभर टक्के पटला. आणि तिथेच माझं चुकलं.

झालं असं, की नव्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होताना आईने घरातला जुना मर्फी माझ्या गळ्यात मारला. हा आमच्या पणजोबांनी घेतलेला व्हॉल्व्हचा सेट. लाकडी कॅबिनेट, काचेच्या पट्टीवर शहरांची नावं, चार जाडजूड बटणं. बाकी सगळं ठीकठाक होतं, पण स्पीकरवरचं कापड म्हणजे अक्षरशः चहाचं जुनं गाळणं! मधोमध झोल, कडेला विरलेलं आणि उजव्या कोपऱ्यात ओळीने तीन भोकं. छान गोल. कडा काळ्या.

या भोकांची आमच्या घरात एक फेमस स्टोरी आहे. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. तेव्हा लोक म्हणे रेडिओला हार घालून ऐकायला बसायचे. आमची पणजीही सेटपुढे उदबत्ती लावायची. तिच्याच उदबत्तीने पडलेली ही भोकं. हे ऐकून पाहुणे गहिवरायचे. काही जण तर चक्क नमस्कार करायचे.

मी मात्र हळूच स्वयंपाकघरात सटकायचे. कारण ती भोकं मी पाडली होती.

दिवाळी १९९६. मी सहा वर्षांची, दादा आठ. लवंगी उडवता उडवता तो पाणी प्यायला घरात आला आणि हातातली उदबत्ती मला धरायला दिली. उदबत्तीचं टोक कापडाला टेकवलं की किती सुंदर गोल भोक पडतं, हा शोध मला त्या मिनिटात लागला. एक. दोन. तीन. दादा परत आला, माझ्या हातातून उदबत्ती घेऊन वळला, तर समोर आजोबा. त्यांनी आधी कापड बघितलं, मग दादाच्या हातातली उदबत्ती. आणि काही न बोलता त्याच्या सणसणीत कानफटात दिली.

मीही काही बोलले नाही.

भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांनी भोकांबद्दल विचारलं. आजोबांनी एकदा दादाकडे बघितलं आणि म्हणाले, 'आमच्या आईची उदबत्ती, गीतरामायणाच्या वेळची.' सॉरी म्हणणं त्यांच्या पिढीला जमायचं नाही. हे त्यांचं सॉरी असावं, असं मला आता वाटतं.

असो. तर रेडिओ. तपकीर गल्लीतल्या एका काकांनी आतली दुरुस्ती केली. 'प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट राहतो, आत हात घालायचा नाही,' असा दम देऊन त्यांनी स्पीकर सोडवला आणि नुसती पुढची फळी माझ्या हातात ठेवली. मी उत्साहाने ब्रोकेड चिकटवून नेलं. दिसायला खरंच रॉयल. काकांनी सेट लावला आणि आतला निवेदक नाक दाबून बोलायला लागला.

'ताई, रेडिओला गोधडी पांघरलीत तुम्ही,' काका म्हणाले. 'या कापडातून आवाज बाहेर यायचा असतो. आधी तोंडासमोर धरून फुंकर मारायची. पलीकडच्या हाताला वारा लागला पाहिजे.'

मग मी लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत कापडं तोंडासमोर धरून फुंकत फिरले. सेल्समन बघत राहिले. शेवटी जमलं ते मॅटीचं कापड. तेच, शाळेत ज्यावर आपण क्रॉस स्टिच करायचो! विणीत मोकळी जागा असते आणि धागे सरळ दिसतात. ते आधी धुऊन घेतलं, म्हणजे नंतर आटायला नको. मग कोऱ्या चहात बुडवलं. पांढरंशुभ्र कापड जुन्या लाकडावर बँडेजसारखं दिसलं असतं.

दरम्यान जुनं कापड काढणं हा वेगळाच सोहळा होता. ते सरसाने चिकटवलेलं. कोमट पाण्याचा बोळा फिरवत राहिलं की सरस हळूहळू सुटतो. घाई केली की चिंध्या! शेवटची कड सुटली आणि खाली दुमडलेली पट्टी दिसली. लख्ख सोनेरी. तिला ना ऊन लागलं होतं, ना फोडणीचा धूर. म्हणजे माझ्या त्या तीन भोकांच्या आधी हे असं होतं तर.

फळी काळ्या मॅट रंगाने रंगवली, नाहीतर विणीतून लाकूड दिसतं. फेव्हिकॉल फळीला लावायचा, कापडाला नाही, तोही अगदी पातळ. मग धागे फळीच्या कडेला समांतर ठेवत कापड ताणायचं. एक सूत जरी तिरकं गेलं, तरी अख्खा रेडिओ वाकडा दिसतो. चार हातांचं काम होतं. माझ्याकडे दोन हात आणि कपडे वाळत घालायचे बारा चिमटे.

रात्री दादाला फोन केला. तो बंगळुरूला असतो.

'जुनं कापड फेकू नकोस हं,' तो पटकन म्हणाला. 'पणजीची भोकं आहेत त्याला.'

'दादा, ती भोकं पणजीची नाहीत. मी पाडली होती. त्या दिवाळीत. तू मार खाल्लास ना, तेव्हा.'

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, लाइन कट झाली.

'आजोबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं,' तो म्हणाला. 'कशासाठी ते कधी कळलंच नाही. पेटती उदबत्ती घरात आणली म्हणून असेल, असं वाटायचं. कधी वाटायचं, त्यांना मी आवडतच नसेन.'

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच सांगितलं, की त्या भाऊबीजेला आजोबा गोष्ट पाहुण्यांना सांगत होते, पण बघत होते तुझ्याकडे.

'खरंच?' त्याने विचारलं. मग पुन्हा एकदा, 'खरंच?'

पुढच्या रविवारी सेट घरी आला. बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच नाही. मग खरखर, आणि मग कोणीतरी शेजारी बसून बोलावं तसा मोकळा, ऊबदार आवाज. मी दादाला फोन लावून मोबाइल तसाच त्या कापडासमोर धरला.

जुनं कापड मी घडी करून ठेवलंय. येत्या भाऊबीजेला दादा येतोय. यंदा ओवाळणी तूच मला द्यायचीस, असं त्याने बजावलंय. व्याजासकट!